बोरिवलीची मुसळी, द्वारकेची कुंडी
सफेद मुसळीच्या लागवडीवरील पुस्तिकेची प्रस्तावना

दिल्लीच्या द्वारका उपनगरातल्या सोसायट्यांच्या बाल्कन्यांत नेमाने दिसणारी झाडे सांगायची तर तुळस, मनी प्लँट आणि स्पायडर प्लँट ही नावे आधी येतील. यातला स्पायडर प्लँट मूळचा आफ्रिकेतला. हिरव्या लांबट पानांवर पांढरा पट्टा, कुंडीच्या काठावरून खाली लोंबणाऱ्या दांड्या आणि त्या दांड्यांच्या टोकाला तयार पिले. एक पिलू तोडून पाण्याच्या ग्लासात ठेवले की थोड्याच दिवसांत त्याला मुळे फुटतात आणि शेजारच्या घरी द्यायला नवे झाड हजर होते. वनस्पतिशास्त्रात त्याचे नाव क्लोरोफायटम कोमोसम.

याच क्लोरोफायटम प्रजातीतली एक जात सह्याद्रीच्या पायथ्याशी, सातपुड्यात, डांगच्या जंगलात आणि अरवलीच्या दक्षिण भागात पावसाच्या पहिल्या सरींबरोबर जमिनीतून वर येते. आषाढ-श्रावणात तिला पांढरी फुले येतात आणि दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास पाने टाकून ती पुन्हा जमिनीखाली जाते. तीच सफेद मुसळी. आफ्रिकेतली जात दिल्लीतल्या घराघरांत पोचली आणि इथल्या मातीतली जात मात्र तिच्या स्वतःच्या रानात विरळ होत गेली. त्याची कारणे दोन: मुसळीची वाढण्याची रीत आणि माणसाची तिला काढण्याची रीत. पहिली रीत नीट समजली तर दुसरी बदलता येते, या विश्वासावर ही पुस्तिका उभी आहे.

मुसळीचे शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिविलिएनम. १९५५ साली फादर हर्मेनगिल्ड सांतापाव आणि आर. आर. फर्नांडिस यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकाच्या ५२व्या खंडात या जातीचे वर्णन प्रसिद्ध केले आणि तिला मुंबईतल्या बोरिवलीचे नाव दिले. सांतापाव मूळचे स्पेनचे, जेझुइट धर्मगुरू. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात त्यांनी वनस्पतिशास्त्र शिकवले. खंडाळ्याच्या वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ १९५३ साली प्रसिद्ध झाला, पुढे ते भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे संचालक झाले आणि १९६७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ज्या रानाचे नाव या जातीला मिळाले, ते आज सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान म्हणून ओळखले जाते. कान्हेरीची लेणी याच उद्यानात आहेत. चहूबाजूंनी महानगराने वेढलेल्या या जंगलातली एक वनस्पती विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शास्त्राच्या दप्तरी नव्हती. तिथल्या आदिवासी पाड्यांवर मात्र तिची ओळख कुणी करून द्यावी लागत नव्हती, कारण दर पावसाळ्यात ती तिथे ताटात येत होती.

ठाणे, पालघर आणि रायगड जिल्ह्यांत तिला फोडशी म्हणतात, काही भागांत कुलू. जूनच्या मध्यापासून वसई, पालघर, कर्जतच्या बाजारांत आणि मुंबईतल्या स्टेशनांबाहेर वारली, कातकरी, ठाकर समाजांतल्या स्त्रिया हिच्या जुड्या घेऊन बसतात. पाती दिसायला गवतासारखी, पण गवताहून रुंद, मऊ आणि तळाशी पांढरट असतात. निवडताना तळाचा आणि मधला कडक भाग काढून टाकायचा, पाती दोन-तीन पाण्यांतून धुऊन बारीक चिरायची आणि कांदा-मिरचीच्या फोडणीवर भिजवलेल्या डाळीबरोबर परतायची. कुणी तीत बेसन पेरतात, कुणी पिठात मळून तिची भाकरी किंवा वड्या करतात. ही भाजी मिळते ती जेमतेम महिनाभर. पाती जून झाली आणि फुलाचा दांडा वर आला की भाजीचा हंगाम संपतो.

या भाजीच्या खुडणीतच मुसळीच्या भवितव्याचा अर्धा उलगडा आहे. विळ्याने जमिनीच्या वर पाती कापली तर खालचा गड्डा जागेवर राहतो, उरलेल्या पावसात थोडी नवी पाती काढतो आणि पुढच्या जूनमध्ये पुन्हा उगवतो. पिढ्यान्‌पिढ्या भाजी खाऊनही रानातली फोडशी संपली नाही, ती यामुळे. घाईने गड्ड्यासकट उपटली, तर तेवढ्या जागेतली मुसळी कायमची गेली. औषधाच्या व्यापाराला पाती नको असते, त्याला कंद हवा असतो. त्यामुळे व्यापाराची मागणी वाढली तशी दुसरी रीत वाढली.

कोणती मुसळी, हा प्रश्न लागवडीच्या आधी सोडवावा लागतो. काळी मुसळी ही पूर्णपणे वेगळी वनस्पती आहे. तिचे शास्त्रीय नाव कर्क्युलिगो ऑर्किऑइडिस, फुले पिवळी आणि जमिनीलगत. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांतली ‘मुसली’ म्हणजे हीच, असे अभ्यासक साधारणपणे मानतात. सफेद मुसळी म्हणून जे विकले जाते त्यातही एकच वनस्पती नसते. उत्तर भारतात ॲस्पॅरॅगस ॲडसेंडेन्स या शतावरीच्या भावबंदाची सोललेली मुळेही सफेद मुसळी याच नावाने जातात. क्लोरोफायटम ट्यूबरोसम ही मुसळीची सख्खी जातही त्याच पोत्यात पडते. जुन्या दिल्लीतल्या खारी बावलीत, जिथे मसाले आणि जडीबुटी यांचा देशातला सर्वांत मोठा घाऊक बाजार भरतो, तिथे सोललेली, वाळलेली पांढरी मुळी समोर ठेवून ती नेमकी कशाची, हे नजरेने ओळखणे भल्याभल्यांना कठीण जाते.

जिवंत गड्डा हातात असला तर मात्र ओळख सोपी आहे. ट्यूबरोसमचे कंद बारीक दोऱ्यासारख्या मुळांच्या टोकाला लोंबकळलेले असतात. बोरिविलिएनमच्या कांड्या देठाशिवाय थेट गड्ड्याला चिकटलेल्या असतात. फोडशी या एका नावाखाली क्लोरोफायटमच्या एकाहून अधिक जाती खुडल्या जातात, म्हणून ही खूण लक्षात ठेवणे गरजेचे. पश्चिम घाटात या प्रजातीचे वैविध्य मोठे आहे आणि ते अजून पुरते मोजून झालेले नाही. क्लोरोफायटम कोल्हापुरेन्स आणि क्लोरोफायटम गोठणेन्स या जातींची शास्त्रीय नोंद एकविसाव्या शतकात झाली आणि दोन्हींमागे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ एस. आर. यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे काम आहे.

आता गड्डा जवळून पाहू. पावसाळ्यात झाडाची सहा ते तेरा पाती जमिनीलगत गोलाकार पसरलेली असतात. मधून फुलांचा दांडा वर येतो. त्यावर बहुधा तीन-तीनच्या झुपक्यांनी पांढरी, सहा पाकळ्यांची, चांदणीच्या आकाराची फुले असतात आणि त्यांत पिवळे परागकोश उठून दिसतात. एका दांड्यावरची सगळी फुले एकदम उमलत नाहीत, खालून वर क्रमाने उमलत जातात. फळ तीन कोनांचे, छोटे. त्यातले बी काळे, कोनेदार, अगदी कांद्याच्या बियांसारखे. जमिनीखाली पातींच्या तळाशी खोडाची एक छोटी चकती असते आणि त्या चकतीला पाच-सहापासून वीस-पंचवीसपर्यंत मांसल कांड्या लागलेल्या असतात. कांडी बोटाएवढी लांब, टोकाकडे निमुळती, कोवळी असताना पिवळट पांढरी.

शेतकरी जिला कंद म्हणतो ती कांडी खरे तर अन्न साठवणारे मूळ आहे. तिच्यावर बटाट्यासारखे डोळे नसतात. डोळा असतो तो फक्त वरच्या चकतीवर. म्हणून कांडी कितीही रसरशीत असली, तरी तिला चकतीचा तुकडा चिकटलेला नसेल तर ती मातीत कुजेल, पण उगवणार नाही. उलट पाच ग्रॅमची लहानशी कांडी डोळ्यासकट लावली तर पावसाळा संपेपर्यंत तिचा नवा गड्डा तयार होतो. मुसळीच्या लागवडीचे सगळे कसब या चकतीभोवती आहे. गड्डा फोडताना धारदार सुरीने चकतीचे असे भाग पाडायचे की प्रत्येक कांडीला थोडी चकती आणि एक डोळा मिळेल. अंगठ्याच्या जोराने कांड्या ओढून काढल्या की निम्मे बेणे तिथेच वाया जाते.

बियांपासून रोपे करता येतात, पण उगवण कमी असते. शंभर बिया पेरल्या तर पंचवीस रोपेही हाती लागणे मुश्कील आणि त्यांना पहिल्या वर्षी लहानच कांड्या धरतात. म्हणून शेतात बी कुणी वापरत नाही. रानात मात्र नव्या जागी मुसळी पसरते ती बियांमुळेच, आणि वेगवेगळ्या झाडांचे गुण एकत्र येतात तेही बियांमुळेच. फुलोऱ्याआधी किंवा फळ पिकण्याआधी गड्डा खणला की ती दोन्ही कामे थांबतात.

मुसळीला रानातून बाजारात कुणी आणले, याचे उत्तर जाहिरातींत सापडते. आयुर्वेदात ती बल्य, रसायन आणि वाजीकर (कामशक्ती वाढवणारी) मानली जाते. गेल्या शतकाच्या अखेरीस शक्तिवर्धक औषधांच्या जाहिरातींनी यातला शेवटचा गुण तेवढा उचलला आणि मुसळी हे नाव शहरांतल्या भिंतींवर, बसस्टँडवर, वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर झळकू लागले. तिच्या कांड्यांतल्या सॅपोनिन या घटकांवर प्रयोगशाळांमध्ये बरेच काम झाले आहे. त्यातले बहुतेक उंदरांवरचे आहे, माणसांवरच्या चाचण्या तुलनेने थोड्या. या पुस्तिकेत औषध कसे घ्यावे, याची चर्चा केलेली नाही. तो वैद्याचा विषय आहे आणि त्याच्या सल्ल्यावाचून कुणी मुसळी घेऊ नये.

सरकारी पातळीवर हालचाल झाली ती २००० साली. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारने दिल्लीत राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ स्थापन केले. मंडळाने ज्या ३२ वनस्पतींना अग्रक्रम दिला, त्यांत सफेद मुसळी होती. औषधी वनस्पतींच्या मागणी-पुरवठ्याविषयीचा वेद आणि गोराया यांचा अहवाल २००८ साली आला. त्याने देशात ९६० औषधी वनस्पतींचा व्यापार होतो आणि त्यांपैकी १७८ वनस्पतींची वार्षिक उलाढाल प्रत्येकी १०० टनांहून अधिक आहे, असे दाखवून दिले. यातला मोठा भाग अजूनही रानातून येतो. लागवड वाढवणे हा त्यावरचा सरळ उपाय वाटतो. मुसळीच्या बाबतीत मात्र तो उपाय सुरुवातीला उलटला, आणि त्याचा हिशेब साधा आहे.

मुसळी गादीवाफ्यावर साधारण ३० बाय १५ सेंटिमीटर अंतरावर लावतात. वाटा आणि सऱ्या सोडल्या तरी एकरात सुमारे ऐंशी हजार कांड्या बसतात. पाच ते दहा ग्रॅमची एक कांडी धरली तर एकरी चार ते आठ क्विंटल बेणे लागते. एका रानटी गड्ड्यातून डोळ्यासह आठ चांगल्या कांड्या निघतात असे मानले, तरी एका एकरासाठी दहा हजार गड्डे खणावे लागतात. पीक नवे असताना एवढे बेणे शेतात कुठून असणार? ते रानातूनच आले. रान वाचवण्यासाठी सुरू झालेल्या लागवडीने पहिल्या काही हंगामांत रानावरच घाव घातला.

दुसरा घाव शेतकऱ्याच्या खिशावर बसला. बेणे दुर्मीळ, म्हणून महाग. महाग, म्हणून बेणे विकण्याचाच धंदा किफायतशीर. ‘बेणे आमच्याकडून घ्या, माल आम्हीच विकत घेऊ’ अशा करारांचे पेव राज्याराज्यांत फुटले. पहिल्या वर्षीचे पीक दुसऱ्या शेतकऱ्याला बेणे म्हणून विकले जाई, दुसऱ्याचे तिसऱ्याला. वाळलेली मुळी घेणारा खरा गिऱ्हाईक शोधायची वेळ आली तेव्हा करार करणारे अनेक जण गायब झाले आणि भाव कोसळले. मुसळीची साठवण, सोलणी आणि वाळवणी हे कष्टाचे काम. पाच किलो ओल्या कांड्या सोलून वाळवल्या तर जेमतेम एक किलो माल हाती येतो, आणि सोलणी सगळी हाताने. हा खर्च हिशेबात न धरता कर्ज काढून मुसळी लावणाऱ्या कित्येकांची कंबर मोडली. आज एखाद्या गावात मुसळीचे नाव काढले की जुने शेतकरी सावध होतात, ते उगाच नव्हे.

तरीही काही भागांत पीक टिकले. अकोला जिल्ह्यातले अकोट आणि अमरावती जिल्ह्यातले अंजनगाव सुर्जी हा सातपुड्याच्या पायथ्याचा पट्टा पानमळ्यांसाठी आणि पानपिंपरीसाठी ओळखला जातो. नाजूक वेलींना सावली देणे, वाफ्यात ओल राखूनही पाणी साचू न देणे, हाताने एकेक वेल जपणे, ही इथल्या शेतकऱ्यांची जुनी सवय. सफेद मुसळी या पट्ट्यात रुळली ती या सवयीमुळे. वरच्या सातपुड्यात तिचे रान आहे, खाली तिला सांभाळणारे हात आहेत आणि पुढे जवळच अकोल्यात डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे नागार्जुन औषधी वनस्पती उद्यान आहे. जिथे बेणे गावातल्या गावात फिरते, दर वर्षी चांगल्या गड्ड्यांतून निवडले जाते आणि विकायच्या मालाइतकाच पुढच्या वर्षीच्या बेण्याचाही विचार होतो, तिथे रानाकडे जायची गरजच पडत नाही.

शास्त्रज्ञांनीही बेण्याच्याच प्रश्नाला हात घातला. १९९४ साली उदयपूरच्या मोहनलाल सुखाडिया विद्यापीठातले एस. डी. पुरोहित आणि त्यांचे सहकारी यांनी मुसळीची ऊतिसंवर्धनाने वाढ करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. लेखाच्या शीर्षकातच त्यांनी तिला दुर्मीळ भारतीय औषधी वनस्पती म्हटले होते. प्रयोगशाळेच्या बाटलीत एका झाडाची शेकडो रोपे करता येतात, ती रोगमुक्त असतात आणि त्यासाठी रानात कुदळ न्यावी लागत नाही. गुजरातेत आणंदजवळ बोरिआवी इथे भारतीय कृषी संशोधन परिषदेची औषधी व सुगंधी वनस्पतींची राष्ट्रीय संस्था आहे. तिच्या कामाच्या यादीतही सफेद मुसळी आहे. प्रयोगशाळेतल्या रोपांची एक मर्यादाही लक्षात ठेवायला हवी. एकाच झाडाची हजार रोपे म्हणजे हजार सारखी झाडे. एखादा रोग एकाला झेपला नाही तर तो हजारांनाही झेपत नाही. म्हणून रानातले वैविध्य जागेवर राहणे, हे शेतीच्याही हिताचे आहे.

पुढील पानांत शेतातल्या लागवडीची सविस्तर माहिती आहे: जमीन, निचरा, शेणखत, गादीवाफा, खुरपणी, हुमणी आणि मूळकूज यांचा बंदोबस्त, काढणी, सोलणी, बेण्याची साठवण. मात्र या पुस्तिकेचा मोठा वाचकवर्ग शहरातला आहे, आणि त्यांतले बरेच जण दिल्लीच्या द्वारका, जनकपुरी, रोहिणी अशा उपनगरांत फ्लॅटमध्ये राहणारे मराठी कुटुंबातले आहेत. फोडशीची भाजी आठवणीत असलेल्या आजीपासून वनस्पतिशास्त्र शिकणाऱ्या नातीपर्यंत कुणालाही हे झाड कुंडीत वाढवता येईल का, हा प्रश्न म्हणून इथेच घेऊ.

वाढवता येते, आणि दिल्लीची टोकाची हवा वाटते तितकी आड येत नाही. जानेवारीची बोचरी थंडी पडते तेव्हा मुसळी जमिनीखाली झोपलेली असते. मे महिन्याच्या चाळिशीपार उन्हातही तिचे एकही पान वर नसते. ती जागी असते फक्त पावसाळ्यात. फरक पडतो तो पावसाच्या लांबीत. मुंबईत मोसमी पाऊस सरासरीने ११ जूनला येतो आणि ८ ऑक्टोबरला परततो. दिल्लीत तो २७ जूनला येतो आणि २५ सप्टेंबरला परततो. म्हणजे द्वारकेतल्या मुसळीला जवळजवळ महिनाभर कमी पाऊस मिळतो. ही तूट हाताने पाणी देऊन भरून काढायची: जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात कांडी लावून माती ओलसर ठेवायची आणि पाऊस परतल्यावर पाती पिवळी पडेपर्यंत पाणी चालू ठेवायचे.

पाणी कोणते, हेही महत्त्वाचे. नैऋत्य दिल्लीत भूगर्भातले पाणी अनेक ठिकाणी खारट आहे. बोअरवेलचे असे पाणी सतत घातले तर कुंडीच्या मातीवर पांढरा थर धरतो आणि मुळे जळतात. गच्चीवरचे पावसाचे पाणी पिंपात साठवून ते वापरणे उत्तम, नाहीतर नळाचे. कुंडी निदान बारा इंच खोल हवी, कारण कांड्या खाली वाढतात. तळाची भोके मोठी असावीत. मातीचे दोन भाग, जाड वाळूचा एक आणि कुजलेल्या शेणखताचा किंवा गांडूळखताचा एक असे मिश्रण चालते. चिकट मातीत कांड्या वाकड्या होतात आणि पाणी साचले तर कुजतात. कांडी उभी लावायची, डोळा वर, आणि त्यावर दोन-तीन सेंटिमीटरच माती. सकाळचे ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशी पूर्वेकडची बाल्कनी या झाडाला मानवते.

ऑक्टोबरात पाती पिवळी पडून गळतात तेव्हा नवखा माणूस घाबरतो. झाड मेले समजून कुंडी रिकामी करतो किंवा ते जगावे म्हणून भरमसाट पाणी घालतो. यातल्या पहिल्या चुकीत झाड फेकले जाते आणि दुसरीत ते कुजते. त्या वेळी पाणी हळूहळू थांबवायचे आणि कुंडी तशीच सावलीत ठेवायची. जमिनीखाली कांड्यांची साल पांढऱ्याची तपकिरी आणि मग काळपट होत जाते, हीच पक्वतेची खूण. शेतकरीही पाने गळाल्यावर लगेच खणत नाहीत, आणखी महिना-दोन महिने थांबतात. कुंडीतला गड्डा पुढच्या जूनपर्यंत कोरड्या मातीतच राहिला तरी चालतो. दिल्लीच्या मे महिन्यात मात्र ती कुंडी गच्चीवर तापू देऊ नये, घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात हलवावी.

कायद्याची बाजूही वाचकाला माहीत असावी. राष्ट्रीय उद्यानातून किंवा अभयारण्यातून कोणतीही वनस्पती उपटणे हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने रानातले गौण वनोपज गोळा करण्याचा आणि ते विकण्याचा हक्क वननिवासी समाजांना दिला आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगावी जैवविविधता व्यवस्थापन समित्या आणि लोक जैवविविधता नोंदवह्या यांची तरतूद केली. फोडशीची जुडी विकणे हा कातकरी बाईचा वनहक्क आहे आणि शहरी हौशीखातर कुणी गाडी थांबवून रस्त्याकडेची मुसळी खणणे हा त्या हक्कावरचा घाला आहे. ज्या गावांनी पाती कापा पण गड्डा राहू द्या, दाणे गळेपर्यंत खणू नका, असे स्वतःचे नियम केले, तिथे रान आणि बाजार दोन्ही टिकू शकतात. तसे नियम करण्याची ताकद या कायद्यांनी ग्रामसभेला दिली आहे.

म्हणून बेणे घेताना विक्रेत्याला तीन प्रश्न विचारायला संकोच करू नये. हे बेणे कुणाच्या शेतात वाढले? जात कोणती, आणि कांड्या गड्ड्याला थेट चिकटलेल्या आहेत की दोऱ्यांना लोंबलेल्या, हे सबंध गड्डा दाखवून सांगता येईल का? प्रत्येक कांडीवर चकती आणि डोळा आहे का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘जंगलातले, अस्सल’ असे आले तर ते बेणे घेऊ नये, कितीही स्वस्त मिळाले तरी. कृषी विद्यापीठे, कृषी विज्ञान केंद्रे आणि पिढीजात लागवड करणारे शेतकरी यांच्याकडून फेब्रुवारी ते मे या काळात बेणे मिळू शकते. जूनमध्ये धावपळ करून मिळवलेले बेणे बहुधा सुकलेले किंवा मोड तुटलेले असते.

द्वारकेतल्या कुंडीत पहिल्या वर्षी फुले आली तर दांडा कापू नये. बी धरू द्यावे आणि काळे झालेले दाणे त्याच मातीत पेरून उगवतात का, ते पाहावे. पहिल्या हंगामातली एकही कांडी खाण्यासाठी वा वाटून पूड करण्यासाठी काढू नये. पुढच्या जूनमध्ये गड्डा उकरून चकतीसह जितक्या कांड्या सुट्या होतील, त्यांतल्या दोन स्वतःच्या कुंडीत लावाव्यात आणि बाकीच्या सोसायटीतल्या दुसऱ्या घरांना द्याव्यात. सोबत एक चिठ्ठी असावी, आणि तिच्यावर जात, बेणे ज्या गावाहून आले त्या गावाचे नाव आणि लावल्याची तारीख लिहिलेली असावी. अशी चिठ्ठी कशी ठेवायची, त्याचा नमुना शेवटच्या प्रकरणात दिला आहे.